रेग्ज, एआयपी आणि नोटॅम: नव्या स्टुडंट पायलटनं नियमांचा अभ्यास कुठून सुरू करावा

फ्लाइंग स्कूलला दाखल झाले त्या पहिल्याच आठवड्यात एका सीनियरनं माझ्या हातात झेरॉक्सचा गठ्ठा ठेवला. 'रेग्ज'चे प्रश्न. रेग्ज म्हणजे एअर रेग्युलेशन्स, सीपीएलच्या (कमर्शियल पायलट लायसन्सच्या) पेपरांतला सगळ्यांत सोपा समजला जाणारा पेपर. "एवढं घोक, पेपर निघतो," तो म्हणाला. मी घोकलं. महिन्याभरानं एसपीएलच्या (स्टुडंट पायलट लायसन्सच्या) तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "दारू घेतल्यावर किती तास उडायचं नाही?" मी ताडकन म्हटलं, "बारा." ते म्हणाले, "कुठे लिहिलंय?" मी गप्प. "आणि उद्या ते बदललं तर तुला कोण सांगायला येणार आहे?" त्यावर तर बोलण्यासारखं काहीच नव्हतं.

(ते एअरक्राफ्ट रूल्स, १९३७ मधल्या नियम २४ मध्ये लिहिलंय. त्या दिवसापासून विसरलेले नाही.)

आता मी ज्युनियर मुलामुलींचे ग्राउंड क्लास घेते आणि दर बॅचला तोच झेरॉक्सचा गठ्ठा पुन्हा दिसतो. म्हणून हे लिहितेय. नियम पाठ करण्याआधी त्याचा पत्ता पाठ करा: तो कोणत्या कागदात आहे, तो कागद कोण काढतं आणि शेवटचा कधी बदलला. हे सगळं भारतात, डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) वाटेनं शिकणाऱ्यांसाठी आहे.

१. आधी कागदपत्रं आणि सामान

अभ्यासाचा लेख कागदपत्रांपासून सुरू करतेय, कारण माझी दोन महिन्यांची रखडपट्टी इथेच झाली.

डीजीसीएची लेखी परीक्षा द्यायला कॉम्प्युटर नंबर लागतो. त्यासाठी दहावी-बारावीच्या मार्कशीट नुसत्या स्कॅन करून भागत नाही, बोर्डाकडून त्यांची पडताळणी झाल्याचा कागद लागतो. आपल्या महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांनी त्याचा अर्ज प्रवेशाच्या आधीच टाकावा. क्लास सुरू झाल्यावर विभागीय मंडळाच्या चकरा मारायला सुट्टी मिळत नाही.

जमवायच्या गोष्टी:

- दहावी आणि बारावीची मार्कशीट, प्रमाणपत्रं आणि बोर्डाची पडताळणी. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. नसेल तर ते दोन विषय वेगळे देऊन पास व्हावं लागतं.
- ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, सहीचा स्कॅन.
- मेडिकल. एसपीएलला क्लास टू पुरतं, सीपीएलला क्लास वन लागतं. माझं ऐकाल तर स्कूलची मोठी फी भरण्याआधी क्लास वन करून घ्या. डोळ्यांतला किंवा कानातला दोष लाखो रुपये भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा.
- ईजीसीए या डीजीसीएच्या पोर्टलवरचं खातं. लायसन्स आणि मेडिकलचे अर्ज तिथूनच जातात.
- दोन वेळा दाखवणारं घड्याळ, एक टॉर्च, एक जाड वही. का ते पुढे येईल.

इथे फसाल: नाव. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम, आधारवर कधी वडिलांचं नावच गायब. माझ्या बॅचमधल्या एकाचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे होतं. त्याला प्रतिज्ञापत्र करून सगळं एकसारखं करून घ्यावं लागलं. दहावीचा कागद प्रमाण माना आणि बाकीचे त्याला जुळवून घ्या.

२. उतरंड समजून घ्या

आजीच्या स्वयंपाकघरात मडक्यांची उतरंड असायची. सगळ्यांत मोठं मडकं खाली, त्यावर त्याहून लहान. नियमांचंही तसंच आहे आणि क्लासमध्ये मी पहिल्या दिवशी फळ्यावर तेच काढते.

सगळ्यांत खालचं मडकं शिकागो कन्व्हेन्शन, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार. ७ डिसेंबर १९४४ रोजी सह्या झाल्या, ४ एप्रिल १९४७ पासून अमलात. त्यातून इकाओ ही आंतरराष्ट्रीय संस्था आली आणि तिचे १९ ॲनेक्स (परिशिष्टं). सगळे घोकत बसू नका. ॲनेक्स १ (लायसन्स), २ (रूल्स ऑफ द एअर), ३ (हवामान), ६ (विमानाचं ऑपरेशन), ११ (एटीएस, म्हणजे हवाई वाहतूक सेवा), १४ (विमानतळ) आणि १५ (एआयएस, म्हणजे वैमानिकांना माहिती पुरवणारा आपला एआयपी-नोटॅमचा कारभार; दोन्ही पुढे येतील) एवढ्यांचे क्रमांक आधी डोक्यात बसवा. १२ आणि १३ मध्ये सगळ्यांचा गोंधळ होतो. आधी शोध, मग तपास: १२ म्हणजे सर्च अँड रेस्क्यू, १३ म्हणजे अपघाताची चौकशी.

त्यावरचं मडकं आपला देशी कायदा. बाजारातल्या बहुतेक जुन्या पुस्तकांत आणि त्या अमर झेरॉक्सांत 'एअरक्राफ्ट ॲक्ट, १९३४' असं लिहिलेलं असतं. तो कायदा गेला. १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आहे. रेडिओवर बोलण्यासाठी लागणाऱ्या आरटीआर सर्टिफिकेटचं काम दूरसंचार खात्याकडून डीजीसीएकडे आलं, तेही याच कायद्यानं. तुमच्या हातातलं पुस्तक किती शिळं आहे हे तपासायचं असेल तर पहिल्या धड्यात कोणता कायदा दिलाय ते बघा. तीस सेकंदांचं काम आहे.

मग तिसरं मडकं, एअरक्राफ्ट रूल्स, १९३७. खालचा कायदा बदलला म्हणून हे रूल्स आपोआप फुटले नाहीत. लायसन्सच्या अटी याच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे शेड्यूल टू मध्ये आहेत. सीपीएलच्या अटी एकदा स्वतः तिथे वाचा: वय १८ पूर्ण, एकूण २०० तास, त्यांतले १०० पायलट-इन-कमांड (पीआयसी, विमानाचा जबाबदार वैमानिक) म्हणून, क्रॉस-कंट्री (एका विमानतळाहून दूरच्या दुसऱ्याकडे) २० तास आणि त्यात ३०० नॉटिकल मैलांची एक फेरी, जिच्यात दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरायचं. इन्स्ट्रुमेंट १० तास, त्यांतले जास्तीत जास्त ५ सिम्युलेटरवर. रात्रीचे ५ तास, १० टेक-ऑफ आणि १० लँडिंग. हे आकडे प्रत्येकाला तोंडपाठ असतात, पण 'पीआयसी म्हणून' हे शब्द कोणत्या आकड्यापुढे आहेत आणि कोणत्या नाहीत, 'गेल्या सहा महिन्यांत' कुठे म्हटलंय, हे विचारलं की वर्ग शांत होतो.

चौथं मडकं सीएआर, सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स. हे डीजीसीए काढतं. याचे सेक्शन आहेत आणि सगळे वाचायला बसलात तर वैमानिक होण्याऐवजी वकील व्हाल. तुमच्या कामाचे चार: सेक्शन ५ (सुरक्षा; दारूच्या तपासणीची पद्धत इथे), सेक्शन ७ (लायसन्स, मेडिकल, ड्युटीचे तास), सेक्शन ८ (ऑपरेशन्स) आणि सेक्शन ९ (हवाई क्षेत्र). सेक्शन ९, सिरीज सी, भाग १ म्हणजे रूल्स ऑफ द एअर. तो पूर्ण वाचा, गाळू नका.

सगळ्यांत वरचं लहानसं मडकं तुमच्या स्कूलचं टीपीएम, म्हणजे ट्रेनिंग अँड प्रोसीजर मॅन्युअल. सोलोला, म्हणजे एकट्यानं उडताना, वाऱ्याची मर्यादा किती, कोणत्या सेक्टरमध्ये जायचं, हे त्यात असतं. डीजीसीएच्या पेपरात याचा प्रश्न येत नाही म्हणून कुणी ते उघडत नाही. पण सोलो रद्द होण्याचं कारण बहुतेक वेळा याच पुस्तकात असतं.

वाचायची रीत: कोणताही सीएआर उघडला की पहिल्या पानावरचा इश्यू, रिव्हिजन आणि तारीख वहीत लिहा, मग पुढे जा. आणि इंग्रजीतले 'शॅल', 'शुड' आणि 'मे' हे तीन शब्द तीन रंगांनी अधोरेखित करा. 'शॅल' म्हणजे करायचंच. 'शुड' म्हणजे केलेलं बरं. 'मे' म्हणजे मुभा. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या पोरांचे मार्क इथे जातात, कारण आपण तिन्हींचं भाषांतर मनात 'करावे' असंच करतो.

३. एआयपी: एकदा उघडा, मग भीती जाते

एआयपी म्हणजे एरोनॉटिकल इन्फर्मेशन पब्लिकेशन. भारतातला एआयपी एअरपोर्ट्स ॲथॉरिटी ऑफ इंडिया काढते, इंटरनेटवर फुकट वाचता येतो. फुकट असूनही तो न बघता सीपीएल काढलेले लोक मला माहीत आहेत.

त्याचे तीन भाग: जेन, एनआर आणि एडी. म्हणजे सर्वसाधारण, वाटेतलं आणि विमानतळ. पुढचा सराव आजच करा, चाळीस मिनिटं लागतात.

पहिल्यांदा एडी २ मध्ये तुमच्या घराजवळचा विमानतळ शोधा. कोड लक्षात घ्या: व्ही-ए म्हणजे पश्चिम, व्ही-ई पूर्व, व्ही-आय उत्तर, व्ही-ओ दक्षिण. पुणे व्हीएपीओ, नागपूर व्हीएएनपी, मुंबई व्हीएबीबी. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, कोड व्हीएएयू तोच राहिला. म्हणून शोधताना गावाचं नाव टाकू नका, कोड टाका. आता तुमचं गाव पुणे असेल तर गंमत अशी की लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे, तेव्हा तिथले स्थानिक नियम विशेष लक्ष देऊन वाचा.

विमानतळाचं पान उघडलं की सगळीकडे क्रम एकच असतो. जगभर. एडी २.३ मध्ये कामाच्या वेळा, २.१० मध्ये अडथळे, २.१२ मध्ये धावपट्टीची लांबी-रुंदी आणि दिशा, २.१३ मध्ये डिक्लेअर्ड डिस्टन्सेस, २.१८ मध्ये रेडिओच्या फ्रिक्वेन्सी, २.२० मध्ये स्थानिक नियम. माझ्या क्लासमध्ये मी एक विमानतळ देते आणि विचारते, "टोरा किती? एएसडीए तेवढंच आहे की जास्त? जास्त असेल तर का?" टोरा म्हणजे टेक-ऑफच्या धावेला मिळणारी लांबी, एएसडीए म्हणजे टेक-ऑफ सोडून थांबायला मिळणारी. ज्याला स्टॉपवे, म्हणजे पट्टीच्या टोकापुढची थांबण्यासाठीची जागा, कळला त्यालाच याचं उत्तर येतं. पुस्तकातली व्याख्या सगळ्यांना येते.

मग एनआर. १.२ मध्ये व्हीएफआर (बाहेर बघून उडण्याचे नियम), १.४ मध्ये हवाई क्षेत्राचे वर्ग, १.७ मध्ये अल्टिमीटर (उंचीमापक) सेटिंग, १.१० मध्ये फ्लाइट प्लॅन, ५.१ मध्ये प्रोहिबिटेड, रिस्ट्रिक्टेड आणि डेंजर क्षेत्रं. ५.१ वाचताना शेजारी नकाशा ठेवा आणि तुमच्या स्कूलपासून ५० मैलांच्या आतली सगळी क्षेत्रं पेन्सिलनं काढा. हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा कळलं की आमच्या नेहमीच्या ट्रेनिंग एरियाला असा विचित्र कोपरा का आहे. तोवर मला वाटायचं, कुणीतरी उगाच घाईत रेघ मारली असेल.

जेनमधून तीनच गोष्टी पुरेत: १.७ (इकाओच्या नियमांपेक्षा भारतात काय वेगळं आहे), २.२ (संक्षेप) आणि २.७ (सूर्योदय-सूर्यास्ताचे तक्ते). १.७ ही परीक्षकांची आवडती जागा आहे.

बदल कधी होतात? महत्त्वाचे बदल एआयआरएसी चक्रानं येतात: दर २८ दिवसांनी, गुरुवारी. २०२५ चं पहिलं चक्र २३ जानेवारीला, पुढचं २० फेब्रुवारीला. कायमचा बदल अमेंडमेंटमधून येतो. तात्पुरता पण लांबलचक, म्हणजे तीन महिने किंवा त्याहून जास्त चालणारा, किंवा ज्याला नकाशे-मजकूर भरपूर लागतो तो सप्लिमेंटमधून. सूचना, खुलासे, कारभारविषयक गोष्टी एआयसी या परिपत्रकांमधून. आणि आज-उद्याचं, तातडीचं असेल ते नोटॅममधून.

४. नोटॅम: इथे घाई करू नका

नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठी काढलेली तातडीची सूचना. आधी नमुना बघा. हा मी क्लाससाठी बनवलाय, खऱ्या विमानतळाचा नाही.

क्यू) व्हीएबीएफ / क्यूएमआरएलसी / आयव्ही / एनबीओ / ए / ००० / ९९९ / (अक्षांश-रेखांश) ००५
ए) विमानतळाचा कोड
बी) २४१११८०३३०
सी) २४११२२११३०
डी) रोज ०३३०-११३०
ई) आरडब्ल्यूवाय ०९/२७ बंद, काम चालू असल्यामुळे

क्यू ओळ बघून घाबरायचं कारण नाही. व्हीएबीएफ म्हणजे मुंबई एफआयआर (फ्लाइट इन्फर्मेशन रीजन, हवाई क्षेत्राचा विभाग). भारतात मोठ्या एफआयआर चार: दिल्ली व्हीआयडीएफ, कोलकाता व्हीईसीएफ, चेन्नई व्हीओएमएफ आणि ही आपली. पुढच्या पाच अक्षरांत पहिला क्यू सोडून द्या. एम-आर हा विषय: धावपट्टी. एल-सी ही अवस्था: बंद. एम-एक्स असतं तर टॅक्सीवे. ओ-बी असतं तर अडथळा आणि सी-ई म्हणजे तो उभारलाय. आयव्ही म्हणजे आयएफआर (उपकरणांवर उडण्याचे नियम) आणि व्हीएफआर दोघांनाही लागू. नंतरचा एकटा ए म्हणजे विमानतळाशी संबंधित. ई असतं तर वाटेतलं, डब्ल्यू असतं तर वॉर्निंग. शेवटचे तीन आकडे म्हणजे नॉटिकल मैलांत त्रिज्या.

नोटॅमच्या नंबरापुढे एन, आर किंवा सी असतं. नवा, जुन्याच्या जागी आलेला, आणि रद्द करणारा. आर दिसला की कोणत्या जुन्याची जागा घेतली ते बघा, नाहीतर दोन्ही छापून दोन्हींवर प्लॅन कराल.

आता बी आणि सी. दहा आकडे: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं. वेळ यूटीसी, म्हणजे जगभरची प्रमाण वेळ. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे.

हे वाक्य मला परीक्षेत यायचं. तरीही माझ्या दुसऱ्या सोलो क्रॉस-कंट्रीच्या आदल्या रात्री मी असाच एक नोटॅम वाचला, ०३३० ते ११३०, आणि मनाशी म्हटलं, पहाटे साडेतीन ते सकाळी साडेअकरा बंद. छान. मी सव्वाबाराला पोचते. तसा प्लॅन केला, इंधनाचा हिशेब केला, झोपले. सकाळी ब्रीफिंगला इन्स्ट्रक्टरनी माझा कागद बघितला, टेबलावर ठेवला आणि भिंतीवरच्या दोन घड्याळांकडे बोट दाखवलं. काही बोलले नाहीत. मी बघत राहिले. मग पोटात गोळा आला. ०३३० म्हणजे आपले सकाळचे नऊ. ११३० म्हणजे संध्याकाळचे पाच. मी ज्या वेळी उतरणार होते तेव्हा धावपट्टीवर रोलर फिरत असणार होता.

त्या दिवशी मी उडाले नाही. तेव्हापासून नोटॅम वाचताना पेन्सिलनं प्रत्येक वेळेखाली भारतीय वेळ लिहिते. मनात बेरीज करत नाही, लिहितेच. दोन वेळा दाखवणारं घड्याळ यासाठी.

इथे फसाल: १८३० यूटीसीनंतर आपल्याकडे तारीख बदलते. १९०० म्हणजे उद्याचे रात्रीचे साडेबारा. तसंच सी मध्ये वेळेपुढे 'ईएसटी' असेल तर तो अंदाज आहे. नोटॅम त्या वेळी आपोआप संपला असं धरू नका. तो बदलेपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत जिवंत असतो.

सराव कसा करायचा? रोज सकाळी चहाबरोबर एक नोटॅम. माझ्या वर्गात सोमवारी ज्याची पाळी त्यानं एक खरा नोटॅम छापून आणायचा आणि तो मराठीत, आईला समजेल असा सांगायचा. "आई, मंगळवारी सकाळी नऊ ते पाच तिकडची पट्टी बंद आहे, खडी टाकतायत." ज्याला असं सांगता आलं त्याला नोटॅम कळला.

५. रूल्स ऑफ द एअर: खुर्च्या सोडा

कुणी कुणाला वाट द्यायची हे वाचून डोक्यात राहत नाही. हॉस्टेलच्या गच्चीवर दोघं हात पसरून चाला. समोरासमोर आलात तर दोघंही उजवीकडे वळा. वाटा छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरा आहे त्यानं वाट द्यायची. मागून येऊन पुढे जायचं असेल तर उजवीकडून. इंजिनवाल्यानं एअरशिप, ग्लायडर, बलून सगळ्यांना वाट द्यायची. उतरताना खाली असलेल्याचा हक्क आधी, पण त्याचा गैरफायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसायचं नाही. एसटी स्टँडवर वाढलेल्या आपल्याला हे शेवटचं वाक्य मुद्दाम सांगावं लागतं.

टॉर्च कशासाठी? रेडिओ बंद पडला तर टॉवरवरून दिवा दाखवतात. लाल-हिरवा जिलेटिन कागद लावा आणि मित्राला दाखवायला सांगा. हवेत असताना स्थिर हिरवा: उतरायला परवानगी. स्थिर लाल: दुसऱ्याला वाट दे, घिरट्या घालत राहा. लुकलुकता हिरवा: उतरण्यासाठी परत ये. लुकलुकता लाल: विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नको. जमिनीवर असताना अर्थ बदलतात: स्थिर हिरवा टेक-ऑफला परवानगी, लुकलुकता हिरवा टॅक्सीला, स्थिर लाल थांब, लुकलुकता लाल उतरण्याच्या जागेतून बाजूला हो, लुकलुकता पांढरा निघालास तिथे परत जा. परीक्षक 'हवेत' आणि 'जमिनीवर' हे दोन शब्द प्रश्नाच्या शेवटी ठेवतात. तिथपर्यंत वाचा.

क्रूझिंग लेव्हलचा नियम उदाहरणानं सांगते. बारामतीहून नाशिकच्या दिशेनं निघालात तर ट्रॅक साधारण वायव्येला, म्हणजे १८० ते ३५९ च्या पट्ट्यात. सम हजार, आणि व्हीएफआर म्हणून वर ५००. एफएल (फ्लाइट लेव्हल, शेकडो फुटांत) ४५ किंवा ६५. परतताना विषम: ५५ किंवा ७५. लक्षात ठेवायचं ते मॅग्नेटिक ट्रॅकवरून (जमिनीवरची वाट), हेडिंगवरून (विमानाच्या नाकाची दिशा) नाही. वारा आडवा असेल आणि ट्रॅक १७८ असेल तर हेडिंग १८५ असू शकतं आणि तुम्ही समोरून येणाऱ्याच्या लेव्हलवर जाऊन बसाल.

६. अमेरिकन व्हिडिओंपासून जपून

यूट्यूबवर उत्तम शिकवणारे अमेरिकन इन्स्ट्रक्टर आहेत, मीही बघते. पण उड्डाण शिकायला बघा, नियम शिकायला नको. त्यांच्याकडे दारूनंतर आठ तास, आपल्याकडे बारा. त्यांचा ट्रान्झिशन अल्टिट्यूड (ज्या उंचीवर अल्टिमीटरचं सेटिंग बदलायचं ती) सगळीकडे १८,००० फूट, आपला विमानतळागणिक वेगळा. त्यांची व्हीएफआरची दृश्यमानता स्टॅच्यूट मैलांत, ढगांपासूनचं अंतर फुटांत. आपल्याकडे १०,००० फुटांखाली ५ किलोमीटर आणि वर ८, ढगापासून आडवं १,५०० मीटर आणि उभं १,००० फूट. आणि भारतात व्हीएफआर एफएल १५० च्या वर नाही.

माझ्या एका विद्यार्थ्यानं मॉक टेस्टमध्ये अल्टिमीटर सेटिंग पाऱ्याच्या इंचांत लिहून दिलं होतं. आपल्याकडचा हेक्टापास्कल हा शब्द त्यानं तोवर ऐकलाच नव्हता.

जी मुलं अमेरिकेत किंवा दक्षिण आफ्रिकेत तास भरून परत येतात आणि इथे लायसन्स बदलून घेतात, त्यांना तर हे जास्तच लागू. रेग्जचा पेपर त्यांनाही द्यावा लागतो आणि तेच जास्त वेळा अडकतात. हात तयार असतो, पण डोक्यात दुसऱ्या देशाचं पुस्तक असतं.

७. फ्लाइट प्लॅन आणि ते दोन नंबर

क्रॉस-कंट्रीला निघताना फ्लाइट प्लॅन भरायचा आणि एफआयसी (फ्लाइट इन्फर्मेशन सेंटर) नंबर व एडीसी नंबर घ्यायचा. एडीसी म्हणजे एअर डिफेन्स क्लिअरन्स. आपल्या देशाचं आकाश हवाई दल बघत असतं, अनोळखी ठिपका त्यांना चालत नाही. हे दोन नंबर नसतील तर बाकी सगळं तयार असूनही जमिनीवरच बसाल. लोकल फ्लाइंगची व्यवस्था स्कूल वेगळी करतं, म्हणून सुरुवातीचे महिने हे कळतच नाही. मग पहिल्या क्रॉस-कंट्रीला फोनवर त-त-प-प होतं. आधी इन्स्ट्रक्टर फोनवर बोलतात तेव्हा शेजारी उभं राहून ऐका.

फॉर्ममध्ये चुका होतात त्या जागा: आयटम १३ मधली निघण्याची वेळ यूटीसी. आयटम १६ मध्ये पोचायची वेळ नाही, लागणारा अवधी लिहायचा. ०१२० म्हणजे एक तास वीस मिनिटं. वेग एन आणि चार आकडे, एन०१००. ज्या पट्टीला कोड नाही तिथे चार झेड आणि नाव आयटम १८ मध्ये. आयटम १९ मधली एन्ड्युरन्स अंदाजानं भरू नका. तुम्ही हरवलात तर शोधणारे त्याच आकड्यावर चालतात.

८. पेपर आणि लॉगबुक

पास व्हायला ७० टक्के. प्रश्नसंच वापरू नका असं मी म्हणत नाही, मीही वापरले. फक्त प्रत्येक उत्तरासमोर पत्ता लिहा: 'रूल्स, नियम अमुक', 'एनआर १.२', 'सीएआर सेक्शन ७'. पत्ता सापडला नाही तर उत्तर चुकीचं किंवा जुनं असण्याची शक्यता जास्त. माझ्या जाड वहीत असे पत्ते सापडत सापडत झेरॉक्समधली कित्येक उत्तरं खोडली गेली.

लॉगबुक पहिल्या दिवसापासून स्वच्छ ठेवा. ड्युअलचा (इन्स्ट्रक्टरसोबतचा) तास पीआयसीच्या रकान्यात गेला की बेरीज पुढच्या पन्नास पानांवर चुकते. आठवड्याला स्कूलच्या नोंदींशी ताळा करा. आणि न उडालेले तास लिहायला कुणी सुचवलं, तो कितीही मोठा असो, तरी नाही म्हणा. खोटी नोंद सापडली तर लायसन्स निलंबित किंवा रद्द होऊ शकतं, आणि ते तुमचं असतं, सुचवणाऱ्याचं नाही.

९. जाता जाता सराव

वही घ्या. उत्तर खाली आहे, आधी बघू नका.

बी) २४१२०४२०३०, सी) २४१२०५०१३०. विषय क्यूएमएक्सएलसी. तुम्ही ५ डिसेंबरला भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाला त्या विमानतळावर टॅक्सी करणार आहात. तुम्हाला अडचण आहे का?

उत्तर: २०३० मध्ये साडेपाच तास मिळवले की तारीख ओलांडते, म्हणजे ५ डिसेंबरच्या पहाटे दोन वाजता सुरू. ०१३० म्हणजे त्याच दिवशी सकाळी सात. साडेसहाला टॅक्सीवे बंदच आहे. आता ई रकान्यात कोणता टॅक्सीवे ते वाचा आणि एडी २ मधल्या नकाशावर दुसरी वाट शोधा.